एका महिन्याची पाहुणी

त्र्याहत्तर सालचा चैत्र लागला आणि ठेकेदारानं काम बंद केलं. भिंगारच्या लष्करी छावणीला गवत आणि सरपण पुरवायचा त्याचा धंदा होता आणि आसाराम त्याच्याकडं बैलगाडी हाकायचा. त्या वर्षी आसपास कुठं गवताची काडी उरली नव्हती. "लांबून रेल्वेनं गवत यायचंय. महिनाभर घरी बसा, आलं की निरोप धाडतो," असं ठेकेदारानं सांगितलं आणि आसाराम भर दुपारी घरी आला.

त्याची बायको लंकाबाई दारात भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि फळीवरचे डबे एकेक करून खाली काढले.

"म्हैनाच काढायचाय न्हवं? काढू की," ती म्हणाली.

लंकाबाई हातपाय गाळणाऱ्यातली नव्हती. चहा तिनं त्याच दिवशी बंद केला. साखरेची पुडी उतरंडीच्या तळाला ठेवून दिली. तेलाची बाटली अर्धी होती; भाकरीबरोबरच्या कोरड्यासाला फोडणी द्यायची नाही, डोक्याला लावायला आठवड्यातून एकदा बोट बुडवायचं, एवढंच. घासलेट वाचावं म्हणून ऊन असतानाच चूल पेटवायची आणि दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं. साबण नाही, तंबाखू नाही. सणासुदीसाठी ठेवलेले दोन किलो गहू तिनं फडक्यात घट्ट बांधले. बाकी रेशनचा लाल मिलो होता, अमेरिकेहून आलेली जाडीभरडी ज्वारी. त्याची भाकरी थापताना फाटायची आणि घशाखाली उतरताना खरवडायची, पण पोट भरायचं. तिनं मापट्यानं मिलो मोजून पाहिला. नवरा, ती आणि पाच वर्षांचा भीमा, तिघांना महिना कसाबसा बसत होता. आसारामला बाजारात एखाद्या दिवसाची हमाली मिळाली, तर मीठमिरचीचं भागलं असतं.

पाचव्या दिवशी तिची थोरली बहीण दगडाबाई मिरजगावहून आली. बरोबर तिची दहा वर्षांची मुलगी चांगुणा होती आणि चांगुणाच्या काखेत कपड्यांचं लहानसं गाठोडं.

गाठोडं बघून लंकाबाईनं मनातल्या मनात मिलोचं माप पुन्हा मोजलं. पण तिनं हसून दोघींच्या पायावर पाणी घातलं.

"लंके, तुझ्याकडं एक काम घिऊन आलेय," दगडाबाई बसता बसता म्हणाली. "आमी नवरा-बायकू दोघंबी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर चाललोय. लांब हाय. तिथंच पालात ऱ्हायाचं. रानात काय पिकलं न्हाई ते तुला ठावंच हाय. ही पोरगी म्हैनाभर तुझ्याकडं ऱ्हाऊ दी. एक तोंड कमी झालं की आमचं दोघांचं निभंल. म्हैन्यानं मी सोता येऊन नेते."

लंकाबाईनं एकदा दाराकडं पाहिलं. आसाराम उंबऱ्यावर बसून ऐकत होता.

आई गेली तेव्हा लंकाबाई सहा वर्षांची होती. तिला न्हाऊ घालणारी, तिच्या डोक्यातल्या उवा काढणारी, तिला घास भरवणारी ही दगडाबाईच. स्वतःच्या लग्नात पिवळं लुगडं नेसून बसलेली असतानासुद्धा तिनं आपल्या ताटातला लाडू लंकाला दिला होता. त्या बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं.

"आक्का, इचारतीस काय? तिचंच घर हाय," लंकाबाई म्हणाली.

आणि मग तिनं जे केलं ते तिला पुढं जन्मभर आठवत राहिलं. तिनं गव्हाचं फडकं सोडलं. शेजारणीच्या जात्यावर गहू भरडून आणला, उतरंडीतली साखर काढली आणि सांजा केला. बाटलीतलं तेल कढईत ओतून कांद्याची भजी तळली. उरलेले गहू दळून पोळ्या केल्या. दुधाचा चहाही केला. दगडाबाईच्या ताटात ती वाढतच राहिली. दगडाबाई आधी नको नको म्हणाली, मग खाली मान घालून जेवली. कितीतरी दिवसांत तिनं असं जेवण पाहिलं नव्हतं. चांगुणानं सांज्याचं ताट बोटानं पुसून घेतलं.

"बाय माझी, सुखात हायेस," निघताना दगडाबाईनं बहिणीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आता मला घोर न्हाई."

ती गेल्यावर आसारामनं रिकामी बाटली उचलून उजेडात धरली.

"सांगायचं हुतंस," तो म्हणाला.

"काय सांगू? ती खडी फोडाया चाललीया. तिला सांगू, आमच्याकडं बी काय न्हाई म्हनून?"

"पोरगी आपल्याला जड न्हाई गं. पर भाकरी कुठून आनायची?"

"माझ्यातली अर्धी दीन तिला."

आणि पहिले आठ-दहा दिवस तिनं खरंच दिली. चांगुणा गुणी पोर होती. सकाळी उठून नळावर रांगेत घागर लावायची, भीमाला कडेवर घेऊन हिंडायची, छावणीच्या रस्त्यानं जाऊन वाळक्या काटक्या आणि शेण गोळा करून आणायची. ताट समोर आलं की मात्र तिचे डोळे ताटावरून हलायचे नाहीत. भाकरी संपली की ती थोडा वेळ तशीच बसून राहायची, मावशी पुन्हा टोपल्याकडं हात नेते का ते बघत. लंकाबाई उठून जायची.

अर्ध्या भाकरीवर राबून लंकाबाईचा तोल जायला लागला. एकदा नळावर तिला भोवळ आली आणि घागर फुटली. आसारामला आठवड्यातून दोन दिवस काम मिळायचं, कधी एकच. बाजारात त्याच्यासारखी खेड्यापाड्यातून आलेली माणसं रांगेनं बसलेली असायची. मिलोचा डबा तिच्या हिशेबापेक्षा भरभर खाली जात होता. ती रोज झाकण उघडून बघायची. तीन माणसांच्या मापात चौथं माणूस बसलं होतं, आणि ते माणूस दहा वर्षांचं असलं तरी भूक मोठ्या माणसाची घेऊन आलं होतं.

हळूहळू लंकाबाईच्या मनात असं काही यायला लागलं की ते तिचं तिलाच ओळखू येईना. पोरगी घागर घेऊन आली, की कामाचं कौतुक वाटायच्या ऐवजी वाटायचं, आता हिला भूक लागणार. पोरगी हसली की राग यायचा. भीमाची भाकरी ती थोडी जाड थापायला लागली आणि चांगुणाची पातळ. कोरड्यास वाढताना भीमाला खालचं दाट आणि तिला वरचं पाणी. हात आपोआप तसा वळायचा. चांगुणाला ते कळत होतं.

तिसऱ्या आठवड्यात भीमाला हगवण लागली. मिलो त्याला सोसला नाही. दोन दिवसांत पोराचे डोळे खोल गेले. डॉक्टरनं औषधाची बाटली दिली आणि सांगितलं, भाकरी बंद करा, दूध आणि भाताची पेज द्या. लंकाबाईनं आपल्या पायातली जोडवी बाजारात विकली आणि रोज पावशेर दुधाचा रतीब लावला. दूध उकळून ती पितळेच्या पेल्यात ओतून ठेवायची आणि दिवसातून चार वेळा चमच्यानं पोराला पाजायची.

एका दुपारी ती नळावरून आली तर पेला निम्मा झाला होता. भीमा ग्लानीत पडलेला. चांगुणा चुलीपाशी उभी होती आणि तिच्या वरच्या ओठावर दुधाची पांढरी रेघ होती.

"कुनी पेलं?"

"मी पेले, मावशी," चांगुणा म्हणाली. "दोनच घोट पेनार हुते. मग..."

लंकाबाईनं चुलीपुढची फुंकणी उचलली. पहिला फटका पोरीच्या दंडावर बसला, दुसरा पाठीवर. मग तिनं मोजलं नाही. पोरगी ओरडली नाही, नुसती भिंतीकडं सरकत गेली. मारता मारता लंकाबाई किंचाळली, "तुझ्या आयनं तुला माझ्या लेकराच्या तोंडातलं काढून घ्याया धाडलंय व्हय गं? किती गिळशील? रोज गिळतीस तरी भागना व्हय तुझं?"

शेजारची बाई धावत आली आणि तिनं फुंकणी हिसकावून घेतली.

लंकाबाई खाली बसली. फुंकणी गेली होती, पण तोंडातून गेलेले शब्द तिला ऐकू येत होते. चांगुणा कोपऱ्यात दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि आईनं जाताना घालून दिलेलं पोलकं खांद्यावर उसवलं होतं.

त्या संध्याकाळी लंकाबाईनं तिघांची ताटं वाढली. चांगुणाच्या ताटात आज तिनं जाड भाकरी ठेवली होती. चांगुणानं तिचे दोन तुकडे केले. एक खाल्ला आणि दुसरा उचलून परत टोपल्यात ठेवला.

"खा की," लंकाबाई म्हणाली.

"मला भूक न्हाई, मावशी."

लंकाबाईनं तिच्याकडं पाहिलं. दिवसभर पाणी वाहिलेल्या पोरीला भूक नाही, हे खोटं आहे हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिला एवढंच करायचं होतं, की तो तुकडा उचलून पुन्हा त्या ताटात ठेवायचा. तिनं टोपल्यावर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. चांगुणा निम्मी भाकरी ठेवून उठायची, हात धुऊन बाहेर जाऊन बसायची आणि तिनं ठेवलेल्या तुकड्यावर लंकाबाईची सकाळ निघायची. कधी तो तुकडा कुस्करून आसारामच्या फडक्यात बांधला जायचा. असे नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत लंकाबाईच्या मिलोचं माप पुन्हा जुळलं. डब्याकडं बघून तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची तिला अशी शिसारी आली की तिनं झाकण आपटून लावलं. तरीही दहाव्या दिवशी चांगुणा "भूक न्हाई" म्हणाली तेव्हा तिनं पुन्हा टोपल्यावर फडकं टाकलं.

आसारामच्या ते लक्षात आलं. "पोरगी पार वाळली की गं," तो म्हणाला आणि त्यानं आपल्या ताटातला तुकडा चांगुणापुढं धरला. चांगुणानं आधी मावशीकडं पाहिलं आणि मग मान हलवली. "नगं काका. पोट भरलंय."

त्यानं दोनदा आग्रह केला. मग त्यानं तो तुकडा स्वतःच खाल्ला. त्यालाही भूक होतीच.

भीमा बरा झाला. पाय काटकुळे झाले होते, पण उठून हिंडायला लागला. वैशाख लागला तेव्हा ठेकेदाराचा निरोप आला. रेल्वेनं गवताच्या गाठी आल्या होत्या. पहिल्याच दिवशी आसारामनं थोडी उचल आणली आणि लंकाबाई किराणा दुकानात गेली. दगडाबाई दोन दिवसांनी येणार होती.

त्या दोन दिवसांत लंकाबाईनं महिना भरून काढायचा प्रयत्न केला. सकाळी रवा आणून साखर घालून शिरा केला, तूप नव्हतं म्हणून डालडा घातला. ताटली भरून चांगुणापुढं ठेवली आणि समोर बसली.

"खा माझे बाय. सगळा खा. तुझाच हाय."

चांगुणानं मुकाट्यानं खाल्लं, घाबरून खाल्ल्यासारखं, घासावर घास. थोड्या वेळानं ती बाहेर पळाली आणि गटारीच्या कडेला सगळं ओकली. लंकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन गेली तर पोरगी काकुळतीला येऊन म्हणाली, "मावशी, मी मुद्दाम न्हाई केलं. नासलं माझ्यानं. मी धुते सगळं."

लंकाबाईनं तिला पोटाशी धरलं. लुगड्यावरूनसुद्धा तिला पोरीच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. चांगुणा तिच्या मिठीत काठीसारखी ताठ उभी राहिली आणि मावशी कधी सोडते याची वाट बघत राहिली.

दगडाबाई आली ती ओळखू येईना. उन्हानं काळी ठिक्कर पडलेली, तळहातांना भेगा, डाव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. तिनं पदराची गाठ सोडली आणि भीमाच्या हातात मूठभर पिवळसर भुगा ठेवला. "सुकडी हाय. कामावर वाटत्यात. माझ्या वाटची थोडी थोडी राखून ठिवली, म्हनलं लंकीच्या पोराला न्यावी." भीमानं सगळी एकदम तोंडात कोंबली.

मग तिनं चांगुणाला जवळ ओढलं. तिचे हात पोरीच्या दंडावरून, पाठीवरून फिरले आणि एका जागी थांबले. लंकाबाई चुलीकडं तोंड करून उभी होती.

"मावशीनं नीट संबाळलं का गं?"

"व्हय," चांगुणा म्हणाली. "लई खाऊ घातलं. परवा शिरा केल्ता. मीच आजारी पडल्ते आये, म्हनून बारीक झाले."

त्या दोघी निघाल्या तेव्हा लंकाबाई त्यांना पोचवायला माळीवाड्याच्या स्टँडपर्यंत चालत गेली. सोलापूरची गाडी लागायला वेळ होता. चांगुणा पाणी प्यायला नळाकडं गेली आणि लंकाबाईच्यानं पुढं धरवेना.

"आक्का, मी हिला मारलं. फुंकनीनं मारलं, दुधापायी."

दगडाबाईनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली.

"त्या दिसापास्नं ती अर्धी भाकरी माघारी ठिवायची. भूक न्हाई म्हनायची. मला ठावं हुतं गं. ठावं असून मी घेत हुते." लंकाबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. "तू आलीस तवाच घरात काय न्हवतं. ह्यांचं काम सुटल्तं. तो सांजा, ती भजी... ते आमचं म्हैन्याचं हुतं."

दगडाबाईनं बराच वेळ नळाकडं पाहिलं. चांगुणा ओंजळीनं पाणी पीत होती.

"मग मला बोलली का न्हाईस?"

"तुझ्याम्होरं कशी बोलू आक्का?"

"एक कार्ड टाकायचं कुनाकडनं तरी लिवून," दगडाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी आले असते आन् नेली असती. तिथं कामावर पोरांस्नी रोज सुकडी मिळती. एक येळची, पर मिळती. बाकीच्यांची पोरं माझ्या डोळ्याम्होरं वाडगं भरून खायची. मी म्हनायचे, खाऊ द्या. माझी चांगुना माझ्या भनीपाशी दोन येळचं जेवतीया."

गाडी लागली. माणसं दाराशी लोटली. दगडाबाईनं चांगुणाला आधी वर चढवलं, मग गाठोडं दिलं, मग स्वतः चढली. खिडकीतून तिनं लंकाबाईकडं पाहिलं, पण हात केला नाही. चांगुणानं केला.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. दसरा उलटल्यावर आसाराम म्हणाला, "जाऊन ये एकदा. भन हाय तुझी." लंकाबाईनं दोन किलो साखर, चांगुणाला एक छिटाचं परकर-पोलकं घेतलं आणि भीमाला घेऊन मिरजगावला गेली. सारी वाट तिला वाटत होतं, आक्का दारातूनच माघारी लावील.

दगडाबाईनं माघारी लावलं नाही. पायावर पाणी घातलं, भीमाला मांडीवर घेतलं, पावसाच्या आणि बाजरीच्या गोष्टी सांगितल्या. त्या महिन्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही, आणि लंकाबाईलाही विषय काढायचं धाडस झालं नाही. साखरेची पिशवी दगडाबाईनं घेऊन फळीवर ठेवली. दोघींमध्ये पूर्वी जे होतं ते कुठंतरी संपलं होतं. आता पाहुण्यासारखं नीट बोलणं राहिलं होतं.

जेवायला नव्या बाजरीच्या भाकरी होत्या, गरम, आणि लसणाची चटणी. चुलीपाशी चांगुणा होती. पोरगी उंच झाली होती, अंगानं थोडी भरलीही होती. तिनं सगळ्यांना वाढलं, मावशीलाही. मग आपलं ताट घेतलं आणि पलीकडं जाऊन, सगळ्यांकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून जेवायला बसली.

लंकाबाईचा हात ताटातच थांबला.

"तशीच जेवती ती," दगडाबाई साधंच काही सांगितल्यासारखं म्हणाली. "उन्हाळ्यापास्नं. कुनी बघाय लागलं की घास उतरत न्हाई तिला. आमी बघत न्हाई आता. तूबी बघू नगंस."

लंकाबाईनं नजर खाली वळवली. भाकरीतून अजून वाफ निघत होती. तिनं एक तुकडा मोडला, चटणीला लावला आणि कसाबसा चावायला लागली. पलीकडून चांगुणाच्या चावण्याचा बारीक आवाज येत होता. तो आवाज थांबेपर्यंत लंकाबाईनं मान वर केली नाही.